नागपूर ते पिट्सबर्ग, दोन बॅगा, ४६ किलो: टिकाऊ बॅग ओळखायची कशी?

वर्धाकर (धागाकर्ता)

मंडळी, मुलगी ऑगस्टमध्ये एम.एस.साठी पिट्सबर्गला निघते आहे. मार्ग नागपूर–मुंबई–न्यूअर्क–पिट्सबर्ग, सगळं एकाच तिकिटावर. चेक-इनला २३ किलोच्या दोन बॅगा, हातात ७ किलोची एक. सामान नेहमीचंच: कपडे, कुकर, मसाले, भाजणी, थोडी पुस्तकं. जाडजूड थंडीचे कपडे तिकडेच घेणार.

दुकानात प्रत्येक बॅग ‘अनब्रेकेबल’ असते. एक जण हार्ड घ्या म्हणतो, दुसरा सॉफ्ट. मटेरियल कोणतं, चाकं दोन की चार, साइझ कुठला आणि दुकानात उभ्या उभ्या काय तपासायचं, एवढं सांगा. शिवाय माळ्यावर २०१२ सालची एक मोठी बॅग आहे, दोनदाच वापरलेली, दिसायला नवीकोरी. एक तीच नेली तर?

काटेकोर

मटेरियलच्या आधी साइझ आणि वजनाचं गणित करा. तिथे चुकलं की कितीही भारीतली बॅग असो, काउंटरसमोर फरशीवर उघडून बसावं लागतं.

बहुतेक आंतरराष्ट्रीय विमान कंपन्यांची चेक-इनची मर्यादा लांबी, रुंदी आणि जाडी मिळून १५८ सेंमी, म्हणजे ६२ इंच. यात चाकं आणि बाजूची हँडल्सही धरतात. ‘२८ इंची’ या शब्दावर जाऊ नका; कोणी नुसत्या खोक्याची उंची सांगतो, कोणी चाकांसकट. टेप खिशात घेऊन जा. ७५ × ५२ × ३१ म्हणजे बरोबर १५८. ७९ × ५३ × ३३ ची बॅग १६५ भरते, आणि एक्स्पांडरची चेन उघडली की त्यावर आणखी चार-पाच सेंमी.

आता वजन. ७५ सेंमीची बॅग साधारण १०० लिटरची आणि स्वतःच ४ ते ४.५ किलोची. सामानाला उरले १९ किलो, म्हणजे लिटरमागे १९० ग्रॅम. दाबून भरलेले कपडे २०० ग्रॅमच्या आसपास जातात, डाळ-तांदूळ मात्र लिटरला पाऊण किलोच्या पुढे. म्हणून मसाले, भाजणी, पुस्तकं यांची बॅग निम्मी रिकामी असतानाच २३ भरते. निम्मी रिकामी मोठी बॅग हा सगळ्यात वाईट प्रकार. आतलं सामान प्रत्येक धक्क्याला एकीकडून दुसरीकडे आपटतं, आणि वर दुसऱ्या बॅगा आल्या की कवचाला आतून टेकू नसतो.

माझं मत: कपड्यांसाठी एक ७५ची आणि जड सामानासाठी एक ६७-६९ सेंमीची, ६५ ते ७५ लिटरची. दुकानदार ‘सेट घ्या’ म्हणेल. दोन्ही मोठ्या घेऊ नका. घरच्या काट्यावर २२.५ किलोला हात आवरा.

तिकीट एकच आहे म्हणून नागपूर–मुंबई टप्प्यालाही आंतरराष्ट्रीय वजन चालेल. वेगळं काढलं असतंत तर देशांतर्गत इकॉनॉमीचे १५ किलो लागू झाले असते आणि फरकाचे पैसे बॅगेच्या किमतीएवढे झाले असते.

पॉलिमरपंत

हार्ड बॅगेत तीन प्लास्टिकं भेटतात: एबीएस, पॉलीकार्बोनेट आणि पॉलीप्रॉपिलीन. दुकानात तिन्हींना ‘फायबर’ म्हणतात. फायबर यात कुठेच नसतं, ते सोडा.

एबीएस स्वस्त, चकचकीत आणि ताठ. आपटलं की वाकत नाही, त्यामुळे एका बिंदूवर सगळा मार खातं. कोपऱ्यावर आधी पांढुरकी रेघ येते, पुढच्या प्रवासात तीच चीर होते. पॉलीकार्बोनेट दबतं आणि ‘टप’ आवाज करून परत येतं, हाच त्याचा गुण. त्याचं कवच पातळ वाटलं म्हणून घाबरू नका. पॉलीप्रॉपिलीन हलकं, रसायनांना दाद न देणारं आणि स्वस्त, पण साध्या प्रतीचं असेल तर शून्य अंशाच्या आसपास ठिसूळ व्हायला लागतं. इम्पॅक्ट ग्रेड, म्हणजे धक्का सोसणाऱ्या प्रतीचं, असेल तर थंडीतही टिकतं. पिट्सबर्गच्या जानेवारीत बॅग विमानाशेजारी उघड्यावर अर्धा तास पडून राहू शकते, त्यामुळे ही बाब पुस्तकी समजू नका. विणलेल्या पॉलीप्रॉपिलीनचं ‘कर्व्ह’ नावाचं मटेरियल वेगळं. ते उत्तम आहे आणि किंमतही तशीच आहे.

आता लबाडी कुठे होते ते. ‘पॉलीकार्बोनेट’ असा स्टिकर असतो आणि आत एबीएसच्या पत्र्यावर पॉलीकार्बोनेटची पातळ फिल्म असते, किंवा दोन्हींचं मिश्रण. ओळखायचं असं: बॅग उघडा, अस्तराची चेन उघडा आणि कवचाची आतली, रंग न दिलेली बाजू बघा. कित्येकदा तिथे किंवा चाकाच्या घरावर (चाक ज्यात बसतं त्या खोबणीवर) दोन बाणांच्या मध्ये मटेरियलचं लघुरूप कोरलेलं असतं. मग बॅग आडवी ठेवून झाकणाच्या मधोमध तळवा टेकवा आणि वजन द्या. पॉलीकार्बोनेट खोल जाऊन परत येईल. एबीएस कुरकुरेल. हे करताना विक्रेत्याकडे बघू नका.

दुसरी गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. पॉलीकार्बोनेटच्या बहुतेक बॅगा सपाट पत्रा तापवून साच्यावर ओढून करतात. पत्रा ताणला जातो तो कोपऱ्यांत, त्यामुळे मधली जाडी दोन मिमी असली तरी कोपऱ्यात ती निम्म्यावरही येते. आणि बॅग पडते ती कोपऱ्यावरच. म्हणून चौकोनी, टोकदार कोपऱ्यांची बॅग दिसायला झकास आणि टिकायला कच्ची. गोलाई मोठी बघा, किंवा कोपऱ्यांवर वेगळे संरक्षक तुकडे बसवलेली घ्या. पॉलीप्रॉपिलीनच्या बॅगा बऱ्याचदा इंजेक्शन मोल्डिंगने, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून, होतात. त्यात कोपऱ्याची जाडी ठरवून देता येते, आणि हा त्यांचा मोठाच फायदा आहे.

पृष्ठभाग खडबडीत किंवा खोल पन्हाळीचा घ्या. पन्हाळीने ताठपणा वाढतो आणि ओरखडेही लपतात. आरशासारखी बॅग पहिल्या पट्ट्यावरून उतरतानाच जुनी होते.

अॅल्युमिनियम? मोठी बॅग रिकामीच सहा-सात किलोची. २३ मधले सात देऊन टाकायचे असतील तर जरूर घ्या.

रॅम्पवरून

पंतांचं मटेरियल बरोबर, पण बॅग कुठे मार खाते ते समजलं तर निवड सोपी होईल.

मोठ्या रुंद विमानात बॅगा अॅल्युमिनियमच्या कंटेनरात रचतात. एका कंटेनरात तीसेक बॅगा, कंटेनर यंत्राने आत जातो. तिथे मार कमी. नागपूर–मुंबईसारख्या टप्प्याला अरुंद विमान असतं आणि आपल्याकडे त्यात बॅगा बहुधा सुट्याच भरतात. बेल्ट-लोडरवरून वर, मग पोटात गुडघ्यावर बसलेला माणूस ती खेचतो आणि रचतो. उभं राहायला जागा नाही, घाई आहे, दर मिनिटाला अनेक बॅगा. तो बॅग उचलतो बाजूच्या हँडलने आणि फेकतो चाकांच्या दिशेने. तेव्हा अमेरिकेच्या लांबलचक उड्डाणापेक्षा दीड तासाचा देशी टप्पा बॅगेला जास्त महागात पडतो. पिट्सबर्गचं विमानही तसंच.

म्हणून बाजूचं हँडल ओढून बघा. दोन्ही टोकं कवचाला आरपार रिव्हेट किंवा स्क्रूने पकडलेली आणि आतून धातूची पट्टी, असं हवं. अस्तराच्या आत हात घातला की ती पट्टी बोटांना लागते. नुसतं प्लास्टिकच्या खाचेत बसवलेलं हँडल २३ किलोला पुरत नाही.

बॅगेला लोंबणारं काहीही ठेवू नका. खांद्याचा पट्टा काढून आत टाका. जुन्या प्रवासाचे बारकोडचे टॅग आणि ते छोटे चिकट तुकडेही सोलून काढा. यंत्र दहा आकडी नंबर वाचतं. दोन नंबर सापडले की बॅग बाजूला पडते आणि विमान चुकतं.

ऑगस्ट आहे. मुंबईत बॅगांची गाडी पावसात उभी राहते. चेन हार्ड बॅगेचीही पाणी आत घेते. आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घालून त्यात कपडे भरा, काम झालं.

आत्याबाई

सॉफ्ट बॅगेची बाजू कोणीच मांडेना म्हणून लिहिते.

कापड घ्यायचं तर १६८० डेनियरचं बॅलिस्टिक नायलॉन, नाहीतर १००० डेनियरचं कॉर्ड्युरा. डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, म्हणजे नुसता धाग्याचा जाडेपणा. त्यामुळे ‘१६८० डी’ एवढं वाचून भुलू नका. त्याच आकड्याचं पॉलिएस्टर बाजारात भरपूर आहे आणि घासण्यात ते नायलॉनच्या मागे पडतं. लेबलवर ‘नायलॉन’ शब्द शोधा. बॅलिस्टिक विणीत दोन-दोन धागे एकत्र खालीवर गेलेले दिसतात, चटईसारखे.

सॉफ्ट बॅग फाटली तर शिवता येते. हार्ड बॅगेला चीर गेली की चिकटपट्टी. सॉफ्टमध्ये झाकण एकाच बाजूला असतं, हॉस्टेलच्या अरुंद खोलीत भिंतीला टेकवून उघडता येते. हार्ड बॅग पुस्तकासारखी मधोमध उघडते, तिला दुप्पट जमीन लागते.

तोटाही सांगते. मुका मार लागला की सॉफ्ट बॅग तो आत पोचवते. लोणच्याची बरणी असेल तर हार्डच बरी. आणि आतून पीयूचा (पॉलीयुरेथेनचा) लेप दिलेल्या स्वस्त कापडाचा काही वर्षांनी पापुद्रा सुटून कपड्यांवर पांढरा-काळा भुसा पडतो.

कुकर कुठल्याही बॅगेत मधोमध, चारी बाजूंनी कपडे. कवचाला टेकवून ठेवला तर बाहेरून एक धक्का आणि त्याच्या कडेचा गोल ठसा कायमचा. शिट्टी आणि रिंग काढून वेगळ्या पिशवीत. आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इनमध्ये नकोतच. सुकं खोबरं आपोआप तापून पेट घेणाऱ्या मालाच्या यादीत येतं, भारतीय विमानतळांवर बॅग उघडून काढायला लावतात. चिवड्यातल्या कापांना कोणी विचारत नाही, पण वाट्यांना विचारतात.

चेनमास्तर

बॅग कवचाने नाही मरत, चेनने मरते. दुरुस्तीच्या टेबलावर चिरलेल्या कवचाच्या एका बॅगेमागे चेन, रनर आणि चाकं यांच्या कितीतरी बॅगा असतात.

रनर उलटा करून मागे बघा. तिथे नंबर कोरलेला असतो: ५, ८ किंवा १०, बऱ्याचदा पुढे ‘सी’ म्हणजे कॉइल, नायलॉनच्या गुंडाळीचे दात असलेली चेन. दहा नंबर म्हणजे बंद चेन जवळजवळ दहा मिमी रुंद. मोठ्या बॅगेच्या मुख्य चेनला १० हवी, ८ चालेल, ५ असेल तर बॅग खाली ठेवा. वायकेके किंवा एसबीएस (या चेन बनवणाऱ्या कंपन्या) कोरलेलं असेल तर बरं. पण ते मुख्य चेनवर असायला हवं. काही बॅगांत भारी रनर पुढच्या खिशाला आणि साधा मुख्य चेनला असतो.

मग चेन उघडझाप करा, कोपऱ्यावर थांबून. कोपरा वळताना रनर अडकत असेल तर भरलेल्या बॅगेत तो तिथेच फाटणार. शिलाई दुहेरी आहे का, चेनच्या कडेला कापडाची पट्टी बसवली आहे का, तेही बघा.

कॉइलची कुठलीही चेन बॉलपेन खुपसून उघडता येते आणि मग रनर एकदा फिरवला की पुन्हा बंद होते, कुलूप जागेवरच. याला उपाय एवढाच की रनर एका जागी बांधलेले असावेत. अंगातल्याच कुलपात रनरची टोकं अडकतात, तशी बॅग घेतली तर चेन फोडल्यावर ती परत जोडता येत नाही आणि निदान कळतं तरी. दुहेरी चेनच्या, म्हणजे दातांच्या दोन ओळी असलेल्या बॅगाही मिळतात, त्या पेनला दाद देत नाहीत.

भरताना झाकणावर गुडघा देऊन चेन ओढू नका. आधी झाकण हाताने दाबून दोन्ही कडा जुळवा, मग रनर ओढा. रनर हा जॅक नाही.

उंटावरचा_शहाणा

गुडघा न देता मराठी माणसाची बॅग बंद झाल्याचं एकतरी उदाहरण दाखवा.

वर्धाकर

😄 आमच्याकडे दोन गुडघे लागतात.

टीएसएचं कुलूप घ्यायचं का? आणि चाकांचं कोणीच बोललं नाही.

नियमावली

टीएसए म्हणजे अमेरिकेतली विमानतळ-तपासणीची सरकारी यंत्रणा. तिचं कुलूप अमेरिकेला जाताना घ्याच. लाल चौकट तिरपी उभी केल्यासारखी खूण बघा. तपासणीसाला बॅग उघडायची झाली तर तो मास्टर किल्लीने उघडतो. साधं कुलूप असेल तर सरळ कापतो. त्यापुढे मात्र त्यावर फार विसंबू नका. या मास्टर किल्ल्यांचे फोटो २०१४-१५ मध्ये बाहेर पडले आणि त्यावरून किल्ल्या छापायच्या फाइलीही इंटरनेटवर आल्या. दागिने, लॅपटॉप, कागदपत्रं, औषधं हातातल्या बॅगेतच.

अंगातल्या कुलपाचा आकडा सहसा ०-०-० असतो. पेनच्या टोकाने बारीक बटण दाबून नवा आकडा लावला की ते बटण परत वर आलं का बघा, नाहीतर पुढच्या वेळी आकड्यांच्या चकत्या फिरताना आकडा आपोआप बदलतो.

बॅगेतच बॅटरी असलेल्या ‘स्मार्ट’ बॅगा टाळा. बॅटरी निघत नसेल तर चेक-इनला घेत नाहीत. अमेरिकी कंपन्यांनी हा नियम जानेवारी २०१८ पासून लावला. पॉवर बँक नेहमी हातातल्या बॅगेत, १०० वॉट-तासांपर्यंत, म्हणजे साधारण २७,००० एमएएच. नाण्याएवढ्या सेलवर चालणारा ट्रॅकर मात्र चेक-इनच्या बॅगेत खुशाल टाका.

आता मोडल्यावर काय. हे वाचून ठेवा, कारण चाक तुटलेली बॅग ढकलत घरी जायचं आणि चार दिवसांनी मेल करायचा, यातच हक्क जातो. आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू आहे, भारतात २००९ पासून. बॅग मोडली तर ताब्यात आल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार, उशिरा आली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत. भरपाईची वरची मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रवाशामागे १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक), म्हणजे साधारण दोन हजार डॉलर. ही कमाल आहे. मिळतं ते जुनेपणा वजा करून.

पट्ट्याजवळून बाहेर पडायच्या आधीच सामानाच्या काउंटरवर पीआयआर नावाचा फॉर्म भरून घ्या, नंबर घ्या, बॅगेचे चारी बाजूंनी आणि टॅगचे फोटो काढा. निघतानाही बॅगेचा एक फोटो हवा. काही ठिकाणी ‘चाकं आणि हँडलला आम्ही जबाबदार नाही’ असं सांगतात. अमेरिकेच्या वाहतूक खात्याने विमान कंपन्यांना स्पष्ट कळवलं आहे की अशी सरसकट सूट घेता येणार नाही. ओरखडे, मळ, किरकोळ पोचे यांना मात्र भरपाई नाही.

बॅग कंपनीची वॉरंटी वेगळी. ‘५ वर्षं आंतरराष्ट्रीय वॉरंटी’ बहुधा बनावटीतल्या दोषाची असते, विमानात झालेलं नुकसान त्यात नसतं. तेही धरणारा ठळक अपवाद म्हणजे ब्रिग्ज अँड रायली. तिकडे राहणाऱ्यांनी दर दोन-तीन वर्षांनी बॅग बदलण्यापेक्षा त्याचा हिशोब करून बघावा.

आत्याबाई

चाकांबद्दल: चार चाकी. मुलीला न्यूअर्कला दोन्ही बॅगा स्वतः पट्ट्यावरून उचलायच्या आहेत. अमेरिकेत जिथे पहिल्यांदा उतरता तिथेच इमिग्रेशननंतर सामान ताब्यात घ्यायचं, कस्टममधून न्यायचं आणि पुढच्या विमानासाठी परत द्यायचं. एकटीने ४६ किलो आणि पाठीवर सात. तिथे ट्रॉली बऱ्याच विमानतळांवर पैसे टाकून घ्यावी लागते. दोन चार-चाकी बॅगा शेजारी शेजारी उभ्या ढकलता येतात, दोन चाकांच्या दोन ओढता येत नाहीत.

(अवांतर: अबूधाबी किंवा डब्लिनवरून गेलं तर अमेरिकेची तपासणी तिथेच होते आणि सामान थेट शेवटच्या गावी मिळतं. पुढच्या वेळी तिकीट काढताना लक्षात ठेवा.)

पानापक्कड

असहमत, निदान अर्धा. चार चाकं खाली पाच-सहा सेंमी बाहेर येतात. तेवढी जागा १५८ मधून वजा होते आणि तेवढाच भाग सगळ्यात आधी मार खातो. दोन चाकं कवचाच्या आत अर्धी बुडलेली असतात, मोठी असतात, बर्फ-खडी-फुटपाथची कड यांना घाबरत नाहीत. विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर चार चाकं, विद्यापीठाच्या आवारात दोन. पण दोन बॅगा आणि एक माणूस हा आत्याबाईंचा मुद्दा मान्य. मग चार चाकी घेताना हे बघा.

चाकं जोडीची हवीत, म्हणजे प्रत्येक कोपऱ्यात दोन, एकूण आठ. व्यास ५० मिमीच्या खाली नको, ६० मिळाला तर उत्तम. बॅग उलटी करून चाक बोटाने फिरवा. सात-आठ फेरे आवाज न करता फिरलं तर आत बेअरिंग ठीक. मग चाकाचं घर धरून हलवा. घर कवचात खड्डा करून बसवलेलं असावं, सपाट पृष्ठभागावर नुसतं ठोकलेलं नको.

सगळ्यात महत्त्वाचं: अस्तराची चेन उघडून चाकाचं घर आतून कशाने पकडलंय ते बघा. स्क्रू दिसले तर ती बॅग दुरुस्त होऊ शकते. रिव्हेट दिसले तरी होते, कष्ट जास्त. अस्तर चिकटवून टाकलेलं असेल आणि आत हातच जात नसेल तर ती बॅग एका चाकाच्या आयुष्याएवढीच टिकणार. माझी निवड याच एका कसोटीवर होते. मटेरियल, ब्रँड सगळं नंतर.

ओढायचं हँडल पूर्ण वर काढा आणि डावी-उजवीकडे पिळा. थोडं खुळखुळणार, ते दोष नाही. अजिबात ढिलं नसेल तर नळी किंचित वाकली की अडकून बसतं. नळ्या अॅल्युमिनियमच्या, बटण दाबल्यावर दोन्ही बाजूंचे खटके एकदमच सुटायला हवेत. दुकानात दोन-तीन छोट्या बॅगा आत कोंबून मागा आणि भरलेली बॅग ओढून बघा. रिकामी कुठलीही बॅग लोण्यासारखी पळते. आणि भरलेली बॅग ओढायच्या हँडलने कधी उचलू नका, जिन्यावर तर नाहीच.

ब्रँडबद्दल एकच व्यवहाराची गोष्ट. सॅमसोनाइट आणि अमेरिकन टुरिस्टर एकाच घरातले. व्हीआयपी, स्कायबॅग्ज, अॅरिस्टोक्रॅट, कार्लटन हे दुसऱ्या घरातले. दोन्ही घरांचे कारखाने आपल्या नाशिक भागात आहेत आणि सुटे भाग शहरांतून मिळतात. फक्त ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या नव्या ब्रँडांच्या बॅगा दिसायला सुरेख आहेत, पण घेण्याआधी ‘चाकाचं घर सुटं मिळेल का’ असा मेल टाका. उत्तर काय येतं त्यावर ठरवा. आणि एमआरपी खोडून सत्तर टक्के सूट लिहिलेली असते ती बाराही महिने असते. तिला किंमत म्हणा, सूट नाही.

वर्धाकर

बरंच डोक्यात शिरलं. ७५ची पॉलीकार्बोनेट, गोल कोपरे, आठ चाकं, आतून स्क्रू; आणि ६८ची सॉफ्ट, असं ठरतंय.

पण माळ्यावरची २०१२ ची बॅग खरंच छान दिसतेय. सॉफ्ट आहे, नायलॉन लिहिलंय, चेन १० नंबर, दोन चाकं. तीच ६८ची म्हणून चालेल का? कुणीच उत्तर दिलं नाही.

पॉलिमरपंत

चाकांवर नख दाबून बघा आणि सांगा.

वर्धाकर

खूण उमटली आणि तशीच राहिली. जरा जोर दिला तर कड चुऱ्यासारखी सुटली. चाकं काळी, मऊ आहेत. मधला भाग पांढरा, कडक. हँडलची मूठही चिकट लागतेय.

पॉलिमरपंत

अपेक्षित होतं. पॉलीयुरेथेन आहे ते, आणि त्यातला एक प्रकार हवेतल्या दमटपणाने हळूहळू तुटत जातो. वापरा किंवा नका वापरू. माळ्यावर चार-पाच वर्षं ठेवलेल्या ट्रेकिंगच्या बुटांचा सोल पहिल्याच चढाला निघून येतो, तोच प्रकार. मुंबई-कोकणात लवकर होतं, विदर्भात उशिरा, पण बारा-तेरा वर्षांत होतंच. ही बॅग नागपूरला टॅक्सीतून उतरेल आणि न्यूअर्कला नुसत्या पांढऱ्या कड्यांवर घासत जाईल. मूठ स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, चिकटपणा जाईल.

पानापक्कड

बॅग टाकू नका. कापड आणि चेन चांगली असेल तर नुसती चाकं बदला, तासाभराचं काम आहे.

मापं चार घ्या: चाकाचा व्यास, रुंदी, मधल्या भोकाचा व्यास (बहुधा ६ मिमी) आणि आसाची लांबी, घराच्या एका बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. व्हर्नियर नसेल तर पट्टीने घ्या, पण मिलीमीटरमध्ये. जुन्यापेक्षा मोठं चाक घेऊ नका, घरात घासतं. नवं चाक रबराचं किंवा टीपीईचं (रबरासारख्या लवचिक प्लास्टिकचं) मागा. मऊ पीयू पुन्हा नको.

आस दोन्ही टोकांना दाबून पक्का केलेला असतो. चाक आणि घर यांच्यामधल्या फटीत हॅक-सॉचं नुसतं पातं घालून तो कापा. घराला आधी चिकटपट्टी लावा म्हणजे पातं त्याला खरवडणार नाही. तुकडे बाहेर ठोका. घराच्या आत अडकलेले केस, दोरे ब्लेडने काढा. अर्ध्या ‘जाम’ चाकांचा आजार एवढाच असतो. नवा आस दोन तुकड्यांचा, अॅलन किल्लीने आवळायचा मिळतो. चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक पातळ वॉशर. आवळून झाल्यावर चाक सहज फिरायला हवं. अडत असेल तर पाव फेरा सैल करा. पुण्यात बोहरी आळी, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास सगळं सुटं मिळेल. नागपुरात बॅग दुरुस्तीवाल्याला मापं लिहून द्या किंवा ऑनलाइन मागवा. चाकं जोडीनेच बदला.

पॉलिमरपंत

एक पुरवणी, नव्या हार्ड बॅगेसाठी. पॉलीकार्बोनेटच्या जवळ स्क्रू पक्का करायचा लाल-निळा द्रव लावू नका, आणि चाकात डब्ल्यूडी-४० फवारू नका. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर तर अजिबातच नको. यांनी पॉलीकार्बोनेटला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा जातात, लगेच नाही, आठ-पंधरा दिवसांनी. चाकाला सिलिकॉनचा फवारा, चेनला मेणबत्ती घासा. स्टिकर काढायचा तर हेअर ड्रायरची कोमट हवा आणि साबणाचं पाणी.

चेनमास्तर

आणि त्या जुन्या बॅगेची चेन उघडझाप करताना मागून उसवते का बघा. उसवत असेल तर चेन बदलायची गरज नाही, रनर फाकलाय. पक्कडीने रनरच्या मागच्या दोन्ही कडा एकेकदा हलक्या दाबा, दोन्ही सारख्या. जोर लावलात तर रनर तुटतो आणि नवा घालायला चेनच्या टोकाची शिलाई उसवावी लागते.

वर्धाकर

उसवत नाहीये. चाकांची मापं: ७० मिमी, २२ मिमी, भोक ६, आस ३६. चारही एकदमच मागवू का?

पानापक्कड

बॅगेला चाकं दोनच आहेत ना? मग दोन चाकं आणि दोन आस. आणि ३६ला ३५चा आस मागवू नका, ४०चा मागवा. वॉशर वाढवून लांबी जुळवता येते, आखूड आसाला काही करता येत नाही.